आधी रस्ता, मग व्होल्ट

(प्रस्तावना)

सायकलला हब मोटर बसवून घ्यायला आलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो असा: "छत्तीसची बॅटरी घेऊ की अठ्ठेचाळीसची?" उत्तरही बहुतेक ठरलेले असते: "अठ्ठेचाळीसचीच घ्या, पिकअप चांगला मिळतो." थोडे जास्त पैसे जातात, सायकल जोरात पळते आणि गिऱ्हाईक खुशीत घरी जातो. पुढे कधी कंट्रोलर उडतो, कधी बॅटरी सहा महिन्यांत बसते, कधी सानपाड्याच्या पुलावर मोटर हात लावता येणार नाही इतकी तापते. मग दोष चिनी मालाला दिला जातो. माल खराब असतोही, पण बऱ्याचदा तो एकमेकांशी न जुळणारा असतो. बॅटरी एका हिशेबाने घेतलेली, कंट्रोलर दुसऱ्या हिशेबाने, मोटर तिसऱ्याच, आणि ज्या रस्त्यावर ती चालायची त्याचा हिशेब कुणीच केलेला नसतो. ही पुस्तिका त्या हिशेबासाठी आहे.

नवी मुंबईत हा प्रश्न जास्त विचारला जावा याला कारणे आहेत. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची. शहर आखताना प्रत्येक नोडला स्टेशन, बाजार आणि शाळा असावी असे धरलेले होते. त्यामुळे इथल्या रोजच्या फेऱ्या लांबीने लहान आहेत: कोपरखैरण्याच्या सेक्टरातून स्टेशन, नेरूळहून सीवूड्स, घणसोलीहून महापे किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीतली पाळी, तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटातून वाशी-सानपाड्यातली दुकाने. अशा दोन ते आठ किलोमीटरांच्या फेरीला रिक्षा परवडत नाही, बससाठी थांबावे लागते आणि स्कूटर उभी करायला जागा नसते. जमीन बरीचशी खाडीकाठची, भराव घातलेली, म्हणून सपाट. खाण्याचे डबे आणि किराणा पोचवणाऱ्या मुलांनी विजेच्या दुचाकी आधी उचलल्या. मग कामगार आले, निवृत्त माणसे आली, कॉलेजातली मुले आली. घरात पडून असलेल्या सायकलला किट बसवणे हा त्यातला सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तोही इथेच.

हब मोटर ही काही नवी चीज नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळालेल्या पेटंटात मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटर बसवलेली सायकल आहे. तिची बॅटरी १० व्होल्टची होती आणि मोटर १०० अँपिअरपर्यंत प्रवाह घेऊ शकत होती. गुणाकार केला तर १००० वॅट होतात. आजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर तेवढेच वॅट काढायला २१ अँपिअर पुरतात. १०० अँपिअर वाहून न्यायला करंगळीएवढी जाड तार लागते आणि तरीही ती तापते. २१ अँपिअरला साधी, लवचीक तार चालते. व्होल्ट वाढवण्याचा खरा फायदा हा आहे. तारेतली आणि जोडणीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून तेवढ्याच वॅटसाठी ३६ ऐवजी ४८ व्होल्ट वापरले तर तारांमधला तोटा जवळपास निम्म्यावर येतो. याला पिकअप म्हणत नाहीत.

व्होल्ट वाढवल्यावर सायकलला दिसण्यासारखे जे होते ते वेगाचे. हब मोटरच्या आत तांब्याची गुंडाळी आणि चुंबके असतात. ही मोटर एका व्होल्टला किती फेरे मारणार हे गुंडाळीने ठरते आणि ते कारखान्यातच ठरून येते. समजा, एखादी मोटर ३६ व्होल्टवर, चाक हवेत उचलून, मिनिटाला २६० फेरे घेते. म्हणजे एका व्होल्टमागे ७ च्या वर थोडे. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर धरला तर हा वेग ताशी ३२ किलोमीटर होतो. माणूस बसून रस्त्यावर आला की तो २५-२६ वर येतो. त्याच मोटरला ४८ व्होल्ट दिले की हवेतले फेरे ३४७ होतात, ताशी ४३ किलोमीटर. रस्त्यावर ३३-३४. मोटर तीच, गुंडाळी तीच, चुंबके तीच. वाढला तो वेग.

चाकाला मिळणारी ओढ मात्र प्रवाहावर, म्हणजे अँपिअरवर अवलंबून असते, आणि अँपिअर किती द्यायचे हे कंट्रोलर ठरवतो. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण 'व्होल्टने ओढ वाढतच नाही' असे ठोकून सांगणारेही भेटतात. कंट्रोलरची मर्यादा बॅटरीकडून १५ अँपिअर घेण्याची असेल तर ३६ व्होल्टवर ५४० वॅट मिळतात आणि ४८ वर ७२०. म्हणून चढावर फरक जाणवतो, तो भास नसतो. पण ती वाढ जास्तीच्या वॅटची आहे, आणि चढावर मोटर जेवढी हळू फिरते तेवढा त्या वॅटचा मोठा वाटा गुंडाळीत उष्णता होऊन जातो. २५० वॅटची म्हणून घेतलेल्या मोटरला ७२० वॅट दोन मिनिटे चालतील, पंधरा मिनिटे नाही. गिअर असलेल्या लहान हब मोटरमध्ये तर आतली नायलॉनची दातेरी चाके आधी मान टाकतात.

आता ३६ आणि ४८ हे आकडे आले कुठून ते पाहू. जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या १२ व्होल्टच्या. तीन जोडल्या की ३६, चार जोडल्या की ४८, पाच जोडल्या की ६०. लिथियमचे सेल आले तेव्हा बाजाराला हेच आकडे सवयीचे होते, म्हणून सेलच्या रांगा त्यांच्या जवळ जातील अशा लावल्या गेल्या. नेहमीच्या लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट, दहा सेल एकापुढे एक जोडले की ३६, तेरा जोडले की ४८. पण सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्टवर असतो आणि ३ व्होल्टच्या आसपास रिकामा धरला जातो. म्हणून '३६ व्होल्ट' असे लिहिलेला पॅक प्रत्यक्षात ४२ पासून ३० पर्यंत उतरत जातो आणि '४८ व्होल्ट'चा ५४.६ पासून ३९ पर्यंत. लेबलवरचा आकडा हे पॅकचे नाव आहे. मोजमाप मल्टिमीटरवर दिसते.

घोळ वाढतो तो सेलची जात बदलल्यावर. लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला दुकानात एलएफपी म्हणतात, त्याचा सेल सरासरी ३.२ व्होल्टचा आणि भरल्यावर ३.६५ चा. त्याचे सोळा सेल जोडून केलेला पॅकही ४८ चा म्हणूनच विकला जातो, पण तो भरल्यावर ५८.४ व्होल्ट दाखवतो. कुणी पंधरा सेलचा करतो, तो ५४.७५ वर भरतो. नेहमीच्या सेलचे चौदा जोडणारेही आहेत. तो पॅक ५८.८ वर जातो. चार लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा संच भरून थोडा वेळ ठेवला की ५१ च्या आसपास असतो. चौघांवरही ४८ असेच लिहिलेले असते. यांतला एक काढून दुसरा बसवताना 'अठ्ठेचाळीसला अठ्ठेचाळीस' एवढाच विचार केला की पुढची भानगड ओढवून घेतलीच.

एक पॅक टेबलावर उघडून ठेवला की आणखी एक गैरसमज दूर होतो. १८६५० नावाचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, अडीच अँपिअर-तासांचा घ्या. असे ४० सेल, चार-चारचे दहा गट करून जोडले, की ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास: ३६० वॅट-तास. आता त्यातला एक बाजूला ठेवा आणि उरलेल्या ३९ चे तीन-तीनचे तेरा गट करा. ४८ व्होल्ट आणि साडेसात अँपिअर-तास झाले. वॅट-तास पुन्हा ३५०-३६०. पेटी तेवढीच, वजन तेवढेच, साठवण तेवढीच. 'अठ्ठेचाळीसची बॅटरी लांब जाते' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. किती लांब जाल ते वॅट-तासांवर आणि वेगावर ठरते. ५४० वॅट काढताना पहिल्या मांडणीत प्रत्येक सेलवर पावणेचार अँपिअरचा भार येतो, दुसऱ्या मांडणीतही पावणेचारच. व्होल्ट वाढवल्याने तारांना आणि कंट्रोलरला हलके वाटते. सेलच्या डोक्यावरचा भार कमी होत नाही. तो कमी करायचा तर सेलच वाढवावे लागतात, आणि सेल म्हणजे पैसे.

बॅटरी आणि मोटर यांच्या मधे बसलेला कंट्रोलर हा या सगळ्यातला द्वारपाल. लोक मोटरवरचा आकडा बघून बॅटरी घेतात. बघायला हवी ती कंट्रोलरची पाटी. मोटर म्हणजे तांबे आणि लोखंड. ३६ लिहिलेली मोटर ४८ वर लगेच जळत नाही. प्रवाह आवरलेला असेल तर वर्षानुवर्षे चालते. तिच्यातले हॉल सेन्सर थेट बॅटरीवर नसतात, त्यांना कंट्रोलरकडून पाच व्होल्टच्या आसपासचा पुरवठा मिळतो. कंट्रोलरचे तसे नाही. त्याचे झाकण उघडा. आत दंडगोल आकाराचे एक-दोन मोठे कॅपॅसिटर दिसतील आणि त्यांच्या अंगावर ५० व्ही किंवा ६३ व्ही असे छापलेले असेल. ३६ व्होल्टच्या कंट्रोलरमध्ये ५० चा कॅपॅसिटर पुरतो, कारण त्याच्यापुढे जास्तीत जास्त ४२ व्होल्ट येणार असतात. त्यालाच ५४.६ चा भरलेला पॅक जोडला की कॅपॅसिटर फुगतो, कधी फटाक्यासारखा वाजतो आणि बरोबर मॉस्फेटही घेऊन जातो. उलट, पॅक ४८ चा असेल आणि आत ६३ चा कॅपॅसिटर असेल, तर ५४.६ ला जागा उरते, पण ५८.८ च्या पॅकला ती फारच अरुंद होते.

उलट्या बाजूचा घोळ इतका नाट्यमय नसतो, म्हणून तो ओळखू येत नाही. कंट्रोलरमध्ये खालचीही एक मर्यादा असते: बॅटरी ठरावीक व्होल्टच्या खाली गेली की तो मोटर बंद करतो, म्हणजे सेल अति उतरून खराब होत नाहीत. ४८ च्या कंट्रोलरमध्ये ही मर्यादा ३९ ते ४२ व्होल्टच्या दरम्यान असते. त्याला ३६ चा पॅक जोडला तर पूर्ण भरलेला असतानाही तो ४२ वरच आहे. थ्रॉटल पिळला, भार आला, दाब दोन व्होल्टने खाली बसला की कंट्रोलर मोटर तोडतो. सोडला की पुन्हा सुरू. गिऱ्हाईक म्हणतो, 'झटके देते.' मेकॅनिक थ्रॉटल बदलतो, मग सेन्सर बदलतो, मग मोटर उघडतो. एक मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावून थ्रॉटल पिळला असता तर दोन मिनिटांत उत्तर मिळाले असते. लेड-ॲसिडसाठी बनवलेला कंट्रोलर लिथियमवर लावल्यावर, किंवा त्याच्या उलट केल्यावर, हीच मर्यादा चुकीच्या जागी पडते. काही कंट्रोलर ३६ आणि ४८ दोन्हींवर चालतात आणि चालू करताना बॅटरी ओळखून मर्यादा आपोआप बदलतात. पाटीवर तसे स्पष्ट लिहिलेले असेल तरच त्यावर विश्वास ठेवावा.

चौथा गडी बॅटरीच्या पोटात असतो: बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम. तो प्रत्येक सेल-गटावर लक्ष ठेवतो आणि जास्त प्रवाह ओढला गेला तर पॅक बंद करतो. कंट्रोलर २५ अँपिअर मागणारा आणि बीएमएस १५ चा, अशी जोडी लावली की चढावर ऐन जोराच्या वेळी सगळे अंधारात. व्होल्ट जुळले तरी अँपिअर जुळलेले नाहीत, असा हा प्रकार. म्हणून या पुस्तिकेत 'जुळवणी' हा शब्द आला की सेल, बीएमएस, कंट्रोलर आणि मोटर या चौघांचा मेळ असे समजावे, चार्जर पाचवा.

आता रस्ता. सगळे आकडे त्यासाठीच मांडायचे. सत्तर किलोचा माणूस आणि किटसह सायकल मिळून शंभर किलोच्या आत-बाहेर वजन धरू. पाम बीच रस्त्यावर, वारा नसताना, ताशी २५ किलोमीटरने जायला चाकावर साधारण १७५ वॅट लागतात. त्यात बराचसा वाटा हवा कापण्याचा. पावसाळ्यात खाडीवरून समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा आला की हाच आकडा २९० च्या घरात जातो. वेग ३४ वर नेला तर वारा नसतानाही ३८० च्या जवळ. वेग नऊ किलोमीटरने वाढला आणि लागणारी शक्ती दुपटीहून जास्त झाली. दर किलोमीटरला खर्च होणारी वीज दीडपटीच्या वर जाते, म्हणजे जो पॅक २५ च्या वेगाने पंचवीस-अठ्ठावीस किलोमीटर नेत होता तो आता सोळा-सतरावर आटोपतो. वाशी ते बेलापूर हे पाम बीचवरून सुमारे १० किलोमीटर. जाऊन-येऊन पहिल्या हिशेबाने सहज होते. दुसऱ्या हिशेबाने घराजवळ आल्यावर पेडल मारावे लागते.

चढाचा हिशेब वेगळा. रेल्वे ओलांडणाऱ्या पुलांचे चढ, पारसिक हिलवर जाणारे रस्ते, खारघर हिलचा रस्ता: नवी मुंबई सपाट म्हटली तरी तिच्या पाठीला डोंगर आहे. दर शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १५ ने जायला तेवढ्याच वजनाला २६० वॅटच्या आसपास लागतात. त्याच चढावर २५ चा वेग हवा असेल तर ५०० च्या वर. म्हणजे एकट्या माणसाला चढ पार करायला फार शक्ती लागत नाही, घाईने पार करायला लागते. पुलाचा चढ तीन-चारशे मीटरांचा असतो, तिथे मोटर थोडा वेळ जास्त भार सोसते आणि उतारावर थंड होते. खारघर हिलसारख्या लांब चढावर ती सवड मिळत नाही. तिथे वेग कमी ठेवणे, पेडलने हातभार लावणे आणि मुळात एका व्होल्टला कमी फेरे घेणारी मोटर घेणे हेच उपाय. कमी फेऱ्यांची मोटर आणि ४८ व्होल्ट ही जोडी वीस-तीस किलोचा माल वाहणाऱ्याला फार उपयोगी पडते: वेग २५ च्या आसपासच राहतो आणि प्रवाह कमी लागल्याने जोडण्या थंड राहतात. ३६ साठी गुंडाळलेली मोटर ४८ वर लावणे ही वेगळी गोष्ट, तिने वेगच वाढतो. दुकानात या दोन गोष्टी एकाच दराने आणि एकाच वाक्यात विकल्या जातात.

वेग वाढला की कायदाही बदलतो. केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोच्या आत असेल, तर ते मोटर वाहन मानले जात नाही. नोंदणी, परवाना लागत नाही. पेडल-असिस्ट सायकलची मोटर २५ च्या वेगाला पोचताच, किंवा पेडल थांबवताच, बंद व्हायला हवी. अशा नमुन्याची चाचणी पुण्यातल्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत झालेली असावी लागते. युरोपातही पेडल-असिस्ट सायकलला २५० वॅट आणि २५ किलोमीटर हीच चौकट आहे, आणि तिथले मानक ४८ व्होल्टपर्यंतच्या बॅटरीचेच आहे. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी मंजूर नमुन्यात बेकायदा बदल करून वेग आणि शक्ती वाढवलेल्या ई-बाइकवर कारवाई करण्याचे आदेश राज्यातल्या आरटीओंना दिले होते. '४८ टाकले, आता ४० ने पळते' हे मित्रांना सांगायला ठीक, पण अपघात झाला की तेच वाक्य विमा नसलेल्या, नोंदणी नसलेल्या मोटर वाहनाची कबुली ठरते. सायकलचे ब्रेक, फोर्क आणि स्पोक त्या वेगासाठी बनलेले नसतात हे तर निराळेच.

आगीबद्दल एक प्रकरण स्वतंत्र दिले आहे, कारण हा विषय टाळून बॅटरीवर लिहिणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढून घेणे. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात विजेच्या दुचाकींना आगी लागण्याच्या घटना ओळीने घडल्या. त्यांत पुण्यातली आणि नाशिकजवळची घटनाही होती. त्यानंतर दुचाकी-तीनचाकींच्या बॅटऱ्यांसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. गाळ्यात बसून स्पॉट वेल्डिंग करून बांधलेला पॅक त्या चाळणीतून जात नाही. तिथे जपायचे ते आपणच. सगळ्यात साधी आणि सगळ्यात घातक चूक चार्जरची. चार लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा जुना चार्जर ५८-५९ व्होल्टपर्यंत चढतो. बॅटरी लिथियमची केली, चार्जर तोच ठेवला, प्लगही तोच बसला. तेरा सेलच्या पॅकला ५४.६ च्या पुढे एक व्होल्टही नको असतो. ५९ म्हणजे सेलमागे साडेचार व्होल्ट. त्या क्षणी घर आणि आग यांच्या मधे फक्त बीएमएस उभा असतो, आणि तोही स्वस्तातला असला तर देवच तारी. बॅटरी बदलली की चार्जर बदललाच पाहिजे, याला अपवाद नाही.

खाडीकाठच्या शहराचा आणखी एक त्रास म्हणजे खारट दमट हवा आणि चार महिने पाऊस. जोडण्यांवर हिरवा थर चढतो, विरोध वाढतो, भाराखाली व्होल्ट पडतात आणि नीट जुळलेली बॅटरीसुद्धा न जुळल्यासारखी वागू लागते. व्होल्टचा घोळ शोधताना आधी कनेक्टर उघडून बघावा. तारा कंट्रोलरमध्ये खालून शिरतील अशा वळवाव्यात, म्हणजे पाणी आत ओघळत नाही. पाण्यात बुडालेला पॅक वाळवून चार्जला लावू नये. भरतीच्या वेळी पाऊस धरला की तळमजल्याच्या पार्किंगमध्ये पाणी येते, हे बऱ्याच सोसायट्यांना माहीत आहे.

हा सगळा उपद्व्याप नको असेल त्यांच्यासाठी शहरात दुसरी वाट आहे. २०१८ मध्ये महापालिकेच्या सहकार्याने युलूची भाड्याची सायकल नवी मुंबईत आली, पुढे तिची विजेची गाडी आली. तिथे बॅटरी कंपनीची, ती बदलून देणारी यंत्रणा कंपनीची आणि वेग २५ च्या आत बांधलेला. चालवणाऱ्याला जुळवणीचा विचार करावा लागत नाही, कारण तो कुणीतरी आधीच केलेला आहे. तो विचार कसा करतात याचे चांगले उदाहरण महाराष्ट्रातच आहे आणि युलूपेक्षा जुने आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षावर काम केले. त्यांनी जुन्या रिक्षाला सरळ मोटर लटकवली नाही. सांगाडा, गिअर, ब्रेक आणि हवेचा अडथळा हे आधी सुधारले. मग सुधारलेली पेडल रिक्षा, मोटरची साथ असलेली पेडल रिक्षा आणि पूर्ण विजेची 'इलेक्शा' असे तीन प्रकार मांडले. २००२ साली 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला; २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बोजा किती, रस्ता कसा, चालवणारा कोण, हे ठरल्यावर मोटर आणि शेवटी बॅटरी, हा क्रम त्यांच्या कामात दिसतो. तोच क्रम या पुस्तिकेत ठेवला आहे.

म्हणून पहिले प्रकरण रस्त्याचे आणि वजनाचे आहे, मोटरचे नाही. दुसऱ्यात चाकाचा घेर आणि मोटरचे फेरे यांवरून वेग काढायची रीत आहे. तिसरे सेल आणि पॅकचे, चौथे कंट्रोलरची पाटी वाचण्याचे, पाचवे चार्जरचे, सहावे आगीचे. शेवटी तक्ते आहेत: कुठल्या पॅकला भरलेला आणि उतरलेला आकडा कोणता, कुठल्या चार्जरवर काय छापलेले असावे. गणित गुणाकार-भागाकारापुढे जात नाही. इंजिनिअरांना यातले बरेच माहीत असेल. पुस्तिका लिहिली आहे ती तुर्भे-कोपरखैरण्याच्या गाळ्यांमध्ये पान्हा आणि सोल्डर घेऊन बसलेल्या कारागिरांसाठी आणि त्यांच्याकडे सायकल घेऊन जाणाऱ्यांसाठी. कारागिरांच्या हाताला पुष्कळ कळते. लेबलवर विसंबून त्यांची फसगत होते तेवढी टळावी.

आमचे मत विचाराल तर ते असे: नवी मुंबईच्या सपाट रस्त्यांवर एकट्याने स्टेशन, बाजार किंवा कामावर जाणाऱ्याला २५० वॅटची मोटर आणि ३६ व्होल्टचा चांगल्या सेलचा पॅक पुरतो, वाचलेले पैसे जास्त वॅट-तासांवर घालावेत. रोज माल वाहणाऱ्याने किंवा डोंगराच्या बाजूला राहणाऱ्याने ४८ घ्यावे, पण कमी फेऱ्यांच्या मोटरसह आणि त्याच आकड्याच्या कंट्रोलर-चार्जरसह. वेगासाठी ४८ घेणाऱ्याने सरळ नोंदणी होणारी स्कूटर घ्यावी, ती अधिक सुरक्षित आणि शेवटी स्वस्तही पडते. आणि काहीही घेतले तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांना मिळणारा मल्टिमीटर आधी घ्या, पॅक जोडण्यापूर्वी तो टोकांना लावा आणि दिसलेला आकडा कंट्रोलरच्या आणि चार्जरच्या पाटीशी ताडून पाहा. जुळत नसेल तर दुकानदार कितीही खात्री देवो, जोडू नका.